हंसांचा हिवाळा

हंस म्हटला की आपल्याला नीरक्षीरविवेक आठवतो. प्रत्यक्षातला रानहंस हिवाळ्यात आपल्या तलावांवर उतरतो आणि रात्री हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडतो. बडोद्याजवळच्या वढवाणा तलावावर त्याच्या दोन जाती दिसतात. थोराड, गुलाबी चोचीचा तो कलहंस. पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे असलेला तो पट्टकादंब. गदग जिल्ह्यातील मागडीच्या तळ्यावरही तो मोठ्या संख्येने येतो. पट्टे उमटलेले नसतील तर ते त्या वर्षीचे पिल्लू समजावे. पहिला हिवाळा पिल्ले आईबापांजवळच काढतात. त्यामुळे निवांतपणे पाहणाऱ्यास थव्यातली कुटुंबे ओळखता येतात. थवा चरत असता एकदोन पक्षी मान ताठ करून पहारा देतात. बाकीच्यांच्याही माना उंचावल्या, की आपण पाऊल पुढे टाकू नये.

पट्टकादंब तिबेट, लडाख, मंगोलियाकडचा. वाऱ्याच्या पाठबळावर तो हिमालय चढत असावा, असा तर्क होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो खोडून काढला. परतीच्या वाटेवर हे पक्षी बहुधा रात्री वा पहाटे, हवा थंड व दाट असता, केवळ पंखांच्या बळावर सुमारे सातआठ तासांत ती चढण चढतात.

या प्रवासाची शिदोरी आपल्या शिवारात बांधली जाते. शेतकऱ्याने थाळी वाजवून थवा हाकलला तर त्याला दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही; नुकसान त्याचे होते. पण दिवसा काठावर विसावलेल्या थव्यावर छायाचित्रासाठी नाव घालणाऱ्याची गोष्ट निराळी. प्रत्येक उड्डाणात पक्ष्याची साठवलेली चरबी खर्ची पडते, आणि हिवाळा सरताच त्याला हिमालय ओलांडायचा असतो.