पाचने कमी, पण कशापेक्षा?



साहित्य शिकवणाऱ्याने बीजगणितावर का बोलावे? कारण बीजगणिताचे दार वाक्यातून उघडते.

दैनंदिन प्रसंग समीकरणात मांडून सोडवता येणे, ही सातवीची अध्ययन निष्पत्ती. नववी-दहावीतली दोन चलांतील रेषीय समीकरणे तिच्यावरच उभी राहतात. आपल्या गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल पाचवीत इंग्रजी माध्यमात जाते. बीजगणित त्याला इंग्रजीतूनच भेटते. ‘फाइव्ह लेस दॅन ट्वाइस एक्स’ ऐकले, की शब्दांच्या क्रमाने ते ५ − २क्ष लिहून मोकळे होते. आपण त्याला गणितात कच्चे ठरवतो. तेच मराठीत सांगा : ‘क्षच्या दुपटीपेक्षा पाचने कमी’. आधी दुप्पट, मग वजाबाकी : २क्ष − ५. शब्दांचा क्रम तोच चिन्हांचा. चूक गणिताची नव्हती, वाचनाची होती.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तही अव्यक्तांना आधी नावे आहेत : यावत्तावत्, कालक, नीलक. त्यांचीच आद्याक्षरे या, का, नी ही चिन्हे झाली.

म्हणून आठवी-नववीचे वार्षिक नियोजन करताना धडे आणि तासिका जुळवून थांबू नये. निष्पत्तीतले क्रियापद पाहावे : ‘मांडणे’ की ‘सोडवणे’? पहिल्या चार तासिका निव्वळ मांडण्यासाठी राखाव्यात. वाक्य आधी मराठीत, मग इंग्रजीत, शेवटी चिन्हांत. त्या तासिकांना मराठीच्या शिक्षकानेही वर्गात असावे. बोलावलेत, तर मी येईन.