गप्प मुलाशी खेळताना



घरी दिवसभर चिवचिवणारं मूल शाळेच्या उंबऱ्यावर मुकं होतं. बाई हजेरी घेतात, ते 'हजर' म्हणत नाही. लघवीला जायचंय हेदेखील सांगत नाही. आपण म्हणतो, हट्टी आहे. पूर्वी डॉक्टरांचीही समजूत फारशी वेगळी नव्हती. १८७७ साली जर्मनीतल्या कुसमाउल यांनी या अवस्थेला 'ऐच्छिक' मूकपणा म्हटलं. आज तिची गणना चिंताविकारांत होते. मूल बोलायचं टाळत नाही. भीतीनं त्याचा आवाजच फुटत नाही.

आमच्या भाट्यातली सहा वर्षांची एक मुलगी अशीच. घरी आमची कोकणी बोली, शाळेत पुस्तकी मराठी. नवी भाषा कानावर पडत असताना काही महिने गप्प राहणारं मूल वेगळं. हिला घरची बोलीही परक्यापुढे बोलता येईना. कान आणि वाचा तपासून झाली, दोन्ही ठीक. मग समुपदेशक बाईंनी खेळ सुचवला.

खेळोपचार म्हणजे नुसती करमणूक नव्हे. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात सांगितलं, की खेळ हे मुलाचं स्वतःला व्यक्त करण्याचं नैसर्गिक माध्यम आहे. वाट त्यानं दाखवावी, मोठ्यानं मागून जावं. तज्ज्ञांच्या खोलीत त्यासाठी वाळूचा ट्रे असतो. आमच्याकडे काजळी नदीच्या मुखापाशी सुरूच्या बनाखाली हवी तेवढी वाळू.

आधी मायलेकीच खेळल्या. मग मी जरा लांब बसू लागलो. तिच्याकडे टक लावून पाहायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही. 'विहीर खोल झाली वाटतं' एवढंच आपल्याशी म्हणायचं. पुढे साबणाचे फुगे, पिपाणी, मग काड्यापेटीचा फोन. कित्येक आठवड्यांनी वाळूतून काहीतरी तुरुतुरु पळालं आणि ती म्हणाली, 'कुर्ली!' आईला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण तिनं हात आवरले. फार कौतुक झालं की मूल पुन्हा मिटतं.

मग तोच खेळ शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात. बाई आधी दाराशी, मग बाकावर, मग खेळात. नुसत्या खेळानं भागत नाही. अशा लहान लहान पायऱ्या लागतात आणि शाळेची साथ लागते. आज ती एका मैत्रिणीशी वर्गात बोलते. हजेरीला अजून हातच वर करते आणि बाईंना तो चालतो.

आम्ही कवी मौनाचं फार गोडवे गातो, पण ते आम्ही निवडलेलं असतं. या मुलांना निवड नसते. शाळा सुरू होऊन महिना उलटला तरी मूल तिथं बोलत नसेल, तर वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना भेटा, 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो. आणि 'मुका आहेस का रे?' असं चारचौघांत विचारू नका. शेजारी बसा, वाळू उकरा.