जितकं खोल, तितका दाब



विहिरीत कधी सूर मारलाय?
तळाकडे जाताना कान दुखू लागतात.
हा पाण्याचा दाब.

हा दाब येतो कुठून?
आपल्या वर असलेल्या पाण्याच्या वजनातून.
जितकं खोल जावं, तितकं वरचं पाणी वाढतं.
म्हणून, जितकं खोल, तितका दाब.

याचा हिशेब सोपा आहे.
अंगठ्याच्या नखाएवढी जागा डोळ्यांसमोर आणा.
साधारण एक चौरस सेंटिमीटर.
1 मीटर खोलीवर तिच्यावर पाण्याचा भार पडतो 100 ग्रॅम.
10 मीटर खोलीवर, 1 किलो.
खोली दुप्पट, की पाण्याचा दाबही दुप्पट.

आता एक महत्त्वाची गोष्ट.
दाब पाण्याच्या पसाऱ्यावर ठरत नाही.
तो खोलीवर ठरतो.
अरुंद आड असो, की विस्तीर्ण तलाव,
खोली सारखी, तर दाबही सारखा.

फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात याचा अभ्यास केला.
दाबाच्या एककाला आज त्यांचंच नाव आहे.

आपलं कोयना धरण आठवा.
उंची सुमारे 103 मीटर.
भिंत माथ्याशी अरुंद, पायाशी रुंद.
कारण तळाशी दाब सर्वांत जास्त.

घरातही हाच नियम.
नळाची धार बारीक येते?
नुसती मोठी टाकी घेऊन भागणार नाही.
टाकी भक्कम आधारावर, उंच बसवा.

लक्षात ठेवा श्रोतेहो,
जितकं खोल, तितका दाब.