सोळा आण्यांचा नाद

आवाज स्वच्छ असावा, अशी आपणा सर्वांचीच अपेक्षा असते. रेडिओत खरखर आली की आपण खुंटी फिरवतो. मोबाइलवर शब्द तुटू लागले की घराबाहेर येऊन उंचवट्यावर उभे राहतो. अशा वेळी कोणी पदरचे पैसे मोजून आवाज बिघडविणारे यंत्र विकत घेतो असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला हसू येणे साहजिक आहे. परंतु असे यंत्र आहे, आणि ते घेणारे लोक वेडे नाहीत. त्या यंत्राचे नाव बिटक्रशर. आज त्याचीच ओळख मी करून देणार आहे. आणि ती करून देता देता, आमच्या नार्नूरसारख्या आडबाजूच्या गावाला त्याचे काय प्रयोजन, हेही सांगणार आहे.

दिसायला ही एक लहानशी धातूची पेटी. गिटार वाजविणारे ती पायाशी ठेवतात आणि पायानेच तिची कळ दाबतात. म्हणून तिला पेडल म्हणावयाचे. वाद्याची तार एका बाजूने आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने ध्वनिवर्धकाकडे जाते. मधल्या मुक्कामात आवाजावर जो संस्कार होतो तो समजण्यासाठी, यंत्र आवाज साठविते कसे, हे आधी पाहावे लागेल.

आवाज म्हणजे हवेच्या दाबाचे चढउतार. ते अंकांत मांडावयाचे तर दोन प्रश्न उभे राहतात. सेकंदाला किती वेळा मोजावयाचे, हा पहिला. आणि प्रत्येक माप किती बारीक घ्यावयाचे, हा दुसरा. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने पहिल्या प्रश्नाचे उत्तर ४४,१०० असे दिले आणि दुसऱ्याचे १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. अंकांवर चालणाऱ्या दूरध्वनीने याहून पुष्कळ काटकसर केली : सेकंदाला ८,००० मापे, आणि ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या. एक बिट कमी केला की पायऱ्या निम्म्या होतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

ज्यांनी १९५७ पूर्वीचा रुपया पाहिला आहे, किंवा वडीलधाऱ्यांकडून त्याचा हिशेब ऐकला आहे, त्यांना ही गोष्ट चटकन उमजेल. समजा, बाजारातून पै आणि पैसा हद्दपार झाले आणि केवळ आणे उरले. आता रुपयाच्या सोळाच पायऱ्या. साडेतीन आण्यांची वस्तू तीन आण्यांना तरी द्यावी लागेल, नाहीतर चार आण्यांना. हा झाला चार बिटांचा आवाज. आणेही गेले आणि चवल्याच राहिल्या, तर आठ पायऱ्या. हे तीन बिट. पावल्याच राहिल्या तर दोन बिट, आणि नुसत्या अधेल्या उरल्या तर एक बिट. मोठ्या व्यवहारात आण्या-दोन आण्यांच्या फरकाने काही अडत नाही. मरण होते ते लहान व्यवहाराचे. आवाजाचेही तसेच आहे. जोरकस आघात ह्या काटछाटीत तगून राहतो. परंतु तार छेडल्यावर हळूहळू विरत जाणारा नाद अखेरीअखेरीस करवतीसारखा खरखरू लागतो आणि मग अकस्मात तुटतो.

पेडलची दुसरी खुंटी मापांचा वेग कमी करते. तिची करामत अधिक चमत्कारिक आहे. चित्रपटात भरधाव टांग्याचे चाक उलटे फिरताना आपण सर्वांनी पाहिले आहे. चाक सुलटेच फिरत असते. परंतु सेकंदाला चोवीस चित्रे त्याची धाव पकडावयास अपुरी पडतात, आणि डोळा फसतो. मापांचा वेग अपुरा पडला की कानही असाच फसतो. ज्या वेगाने मोजावयाचे त्याच्या निम्म्याहून वरचा स्वर यंत्राला ओळखता येत नाही. तो खाली दुमडून भलत्याच स्वराच्या रूपाने प्रकटतो. सेकंदाला ४,००० मापे घेतली, तर ३,००० कंपनांचा स्वर १,००० कंपनांचा होऊन ऐकू येतो. मूळ स्वर वर चढत गेला की हा तोतया खाली उतरतो. चांगल्या ध्वनिमुद्रणात असे तोतये शिरू नयेत म्हणून गाळणी बसविलेली असते; बिटक्रशरमध्ये त्यांना मुद्दाम दार उघडे ठेवलेले असते. मूळ स्वराशी त्यांचे साधे नाते नसल्यामुळे ऐकणाऱ्याला धातूवर आघात झाल्याचा भास होतो. देवळाची घंटा असो वा चर्चची, तिचेही सगळे उपस्वर सरळ पटीत नसतात, म्हणूनच तिचा नाद तारेच्या नादाहून वेगळा वाटतो, हे येथे आठवावे.

ही कला जन्माला आली ती मात्र गरिबीतून. १९७९ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेले फेअरलाइट हे वाद्ययंत्र बाहेरचा आवाज साठवून तो पट्ट्यांवर वाजवीत असे, पण आठच बिटांत. १९८७ मध्ये अमेरिकेत एसपी-१२०० नावाचे यंत्र आले. त्याचे बारा बिट, सेकंदाला सुमारे २६,००० मापे, आणि साठविण्याची एकूण शक्ती अवघी दहा सेकंदांची. १९८९ मधील गेम बॉय ह्या हातातील खेळयंत्रात स्वराची आकृती बत्तीस मापांची आणि सोळा पायऱ्यांची असे. आपल्या हिशेबाने नेमका सोळा आण्यांचा रुपया. त्या वेळी यंत्राची स्मृती महाग होती, म्हणून ही काटकसर. पुढे स्मृती स्वस्त झाली, आवाज नितळ झाला, आणि मग वादकांना त्या जुन्या खरबरीतपणाची आठवण येऊ लागली. गिरणीचे तलम कापड मुबलक झाल्यावर माणसाला खादीचा पोत आवडू लागावा, तसाच हा प्रकार. जी पूर्वी अडचण होती, तिची आता निवड झाली.

परंतु निवड म्हटली की विवेक आला. १९३७ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने काढलेल्या ‘कुंकू’ ह्या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले आणि प्रसंगात स्वाभाविकपणे असणाऱ्या आवाजांवर भिस्त ठेवली. घड्याळाची टिकटिकही तेथे बोलू लागते. आवाजाच्या रचनेचा पहिला धडा तोच आहे : प्रत्येक ध्वनीला तेथे असण्याचे कारण हवे. बिटक्रशरने बिघडविलेल्या आवाजालाही हाच नियम लागू पडतो.

समजा, आपणांस एक श्रुतिका बसवावयाची आहे. पूर आला आहे आणि दूरच्या चौकीवरून बिनतारी संदेश येत आहे. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या मापांचा वेग खाली आणा, पायऱ्या मात्र फार कमी करू नका. शब्द समजतील आणि अंतरही जाणवेल. पत्र्यावरच्या पावसाचे चार बिट करा. तो पाऊस न राहता लाह्या फुटाव्यात तसा तडतडू लागेल. एखाद्या पात्राची स्मृती क्षीण होत चालली आहे असे दाखवावयाचे असेल, तर एकच वाक्य तीनदा ऐकवा आणि दर वेळी पायऱ्या निम्म्या करा. बिघडलेल्या आवाजात मूळ आवाज थोडा मिसळून ठेवावा, म्हणजे त्याचा सांगाडा हरवत नाही. अतिकर्कश भाग मागाहून गाळणीने उतरवावा. आणि खुंटी फिरविण्यापूर्वी ध्वनिवर्धक हलका करावा. कारण हा आवाज अनपेक्षितपणे उसळतो, आणि कान काही बाजारात नवे मिळत नाहीत. पेडल नसेल तरी अडत नाही. संगणकावर आवाज जुळविण्याच्या अनेक साधनांत हा संस्कार करण्याची सोय असते.

आता आमच्या गावाकडे वळतो. नार्नूर आदिलाबाद जिल्ह्यात, तेलंगणात. १९५६ पूर्वी हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. येथे गोंडी, तेलुगु, लंबाडी आणि मराठी एकाच बाजारात नांदतात. दिवाळीच्या सुमारास दंडारी निघाली की गुसाडी नर्तकांची घुंगरे आणि मोरपिसांचे टोप वाटेवाटेवर दिसू लागतात. जवळच्या मार्लवाईचे कनकराजू यांना ह्याच नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. २०२४ मध्ये ते निवर्तले. गोंडांचे पिढीजात भाट म्हणजे परधान. त्यांचे वाद्य किकरी. तीन तारांचे, गजाने वाजवावयाचे. १९४० नंतरच्या दशकात मार्लवाईत राहून गोंडांचा अभ्यास करणाऱ्या फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी एक लक्षणीय गोष्ट नोंदविली आहे : येथील परधानांची घरची भाषा मराठी, पण गोंडांच्या कुळकथा ते गातात गोंडीत. दोन भाषांमधला एवढा जिवंत सांधा मराठी माणसाने विसरावा, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

माझ्या वर्गातील एका मुलाचे आजोबा किकरी वाजवितात. मुलांनी श्रुतिकेसाठी त्यांचे वादन मोबाइलवर टिपून आणले आणि संगणकावर त्यावर हे संस्कार करून पाहिले. परिणाम खरोखर विलक्षण होता. दोन बिटांवर किकरीचा गज जणू दगडावर घासत होता. मुले हरखून गेली आणि त्यांनी तो तुकडा आजोबांना ऐकविला. म्हातारा शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, ही माझी किकरी व्हय? मी नसेन तवा पोरं हीच ऐकतील का?”

श्रोतेहो, हा प्रश्न यंत्राच्या विरुद्ध नाही. त्याचा रोख अगदी अचूक आहे. आम्ही मूळ ध्वनिमुद्रण काढून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की तेही निरोगी नव्हते. मोबाइलची पुष्कळशी ध्वनिमुद्रणे जागा वाचविण्यासाठी पिळून साठविली जातात. शिवाय संभाषणासाठी बसविलेली योजना मनुष्याचे बोलणे तेवढे महत्त्वाचे मानते आणि अखंड चालणारा नाद हा गोंगाट समजून दाबू पाहते. किकरीचा अखंड सूर म्हणजे तिचा प्राण. आणि यंत्राने नेमका त्यावरच हात ठेवला होता. बिटक्रशरने केलेली मोडतोड निदान उघड तरी होती. खुंटी आपल्या हाती होती आणि ती मागे फिरविता येत होती. मोबाइलने केलेली मोडतोड मूक होती, आणि एकदा गेलेले परत मिळणारे नव्हते.

म्हणून आम्ही पुन्हा त्यांच्या अंगणात गेलो. ह्या खेपेस वेगळा ध्वनिमुद्रक होता. सेकंदाला ४८,००० मापे, २४ बिट, आणि न पिळलेली साठवण. जवळपासचा पंखा बंद केला. आजोबांनी आधी तारा लावल्या; तेही टिपले, कारण उद्या शिकणाऱ्याला गाण्याइतकाच त्या जुळणीचाही उपयोग आहे. मूळ ध्वनिमुद्रण दोन ठिकाणी जपून ठेवले आणि त्याची एक प्रत त्यांच्या घरी दिली. मग दुसऱ्या प्रतीवर मुलांनी आपले प्रयोग केले, तेही आजोबांना विचारून. त्यांनी कुळकथेला हात लावू दिला नाही; तारा लावतानाचे नुसते सूर मात्र खुशाल मोडा म्हणाले. श्रुतिकेच्या शेवटी वादकाचे नाव सांगावयाचे, हेही त्यांच्यापुढेच ठरले.

एवढ्यावरून जे नियम आम्हांस सापडले, ते शहरांतील मोठ्या ध्वनिशाळांनाही लागू पडावेत असे मला वाटते. मूळ आवाज शक्य तितका पूर्ण टिपावा आणि त्याला कधी हात लावू नये. जे मोडावयाचे ते प्रतीवर मोडावे. आवाज ज्याचा, त्याची संमती घ्यावी आणि त्याचे नाव सांगावे. ज्याच्याजवळ सोळा आणे शिल्लक आहेत, त्याने हौसेने अधेलीवर खेळ मांडावा. त्यात कला आहे, विनोद आहे, क्वचित काव्यही आहे. परंतु ज्या समाजाचा आवाज अद्याप एकदाही पुरता टिपला गेलेला नाही, त्याचा पहिलाच ठेवा अधेलीचा असू नये.

उद्या आपल्यापैकी कोणाच्या घरी जात्यावरची ओवी म्हणणारी आजी असेल, कोणाच्या गावी शेवटचा सनईवाला असेल. यंदाच्या सुटीत तेथे जाऊन बसा. पंखा बंद करा, यंत्र नीट लावा आणि पूर्ण ऐका. नवे प्रयोग त्यानंतर करावेत. त्यांना आयुष्य पडले आहे. म्हाताऱ्या माणसांना ते तितकेसे नाही.