नुसते उभे राहणे म्हणजे काय?
(कामगार अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



ड्यूटीवरून घरी आल्यावर आपणच म्हणतो, "आज काही काम नव्हते, नुसते उभे राहायचे होते." साहेब लोकही तेच म्हणतात. आज आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच, की नुसते उभे राहणे असे काही नसतेच.

पाठीचा कणा म्हणजे खांब, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात ती २४ सुट्या मणक्यांची उतरंड आहे. मणक्यांच्या मध्ये चकत्या, आणि मणक्याला मणका बांधून ठेवणारे चिवट पट्टे, म्हणजे अस्थिबंध. १९६१ साली लुकास आणि ब्रेस्लर या अमेरिकेतील संशोधकांनी मृतदेहातील कणा घेतला. हाडे आणि अस्थिबंध शाबूत, स्नायू मात्र काढलेले. बूड घट्ट बसवून वरून भार दिला, तर सुमारे २ किलोलाच तो वाकला. आपले नुसते डोकेच चार-साडेचार किलोंचे! म्हणजे हा डोलारा सावरतात ते पाठीचे, पोटाचे आणि कमरेचे स्नायू. गलबताच्या डोलकाठीला चहूबाजूंनी दोर ताणलेले असतात, तसे.

शरीर काटकसरही करते. ताठ उभे असताना वजनाची रेषा खुब्याच्या किंचित मागून आणि गुडघ्याच्या पुढून जाते. खुबा मागे कलंडू लागला की त्याच्या पुढचा अस्थिबंध, शरीरातला सर्वांत बळकट, त्याला अडवतो. गुडघाही तसाच अस्थिबंधांवर टेकून राहतो. घोट्याला मात्र ही सोय नाही. तिथे शरीर सारखे पुढे झुकते आणि पोटरीचे स्नायू ते क्षणोक्षणी मागे खेचतात. सॉर्टिंगच्या खणांसमोर आठ तास काढल्यावर पोटऱ्या का भरून येतात, हे यावरून कळेल.

गँगमन, ज्यांना आता ट्रॅकमेंटेनर म्हणतात, त्यांचे दुखणे वेगळे. माणूस पूर्ण ओणवा झाला की पाठीचे स्नायू जवळजवळ काम थांबवतात आणि भार अस्थिबंधांवर जातो. ते तुटत नाहीत, पण हळूहळू सैल पडतात. कॅनडातील मॅकगिल आणि ब्राऊन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना २० मिनिटे ओणवे बसवले. त्यानंतर दोन मिनिटांत पाठीचा निम्मा ताठरपणा परत आला, पण अर्ध्या तासानंतरही थोडा सैलपणा उरलेलाच होता. म्हणजे ओणव्याने काम करून उठल्याउठल्या जड वस्तू उचलणे धोक्याचे. आणि आपल्याकडे होते नेमके तेच. खडी ओढून झाली, की लगेच "चला, उचला!"

आता उचलण्याचा हिशोब. २० किलोची टपालाची थैली कण्यापासून ४० सेंटीमीटर पुढे धरली. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटर मागे. तराजूच्या न्यायाने त्यांना आठपट, म्हणजे १६० किलोंचा ताण लावावा लागतो. वाकलेल्या धडाचे वजन यात धरलेले नाही. तीच थैली २० सेंटीमीटरवर घेतली तर ताण निम्मा. म्हणून "ओझे अंगाशी धरा" हा सल्ला खराच आहे. पण डब्याचे दार छातीइतके उंच आणि खाली पाय ठेवायला जागा नाही, तिथे अंगाशी धरायचे कसे? भिंतीवर तक्ता लावला म्हणजे जबाबदारी संपली, हे आम्हाला मान्य नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या १२७ व्या करारानुसार, वजनामुळे प्रकृतीला धोका होईल असे ओझे कामगाराला वाहायला लावता येत नाही. भारताने तो २०१० साली स्वीकारला. त्याच्या जोडीच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा आहे. वरचा हिशोब पाहता आम्हाला तीही जास्तच वाटते.

तेव्हा आपली मागणी साधी आहे: ओणव्याच्या कामानंतर थोडा वेळ उभ्याने करायचे हलके काम, आणि उभ्याने काम करणाऱ्याला मधूनमधून टेकायला स्टूल. पुढच्या सभेला येताना प्रत्येकाने आपल्या टेबलाची उंची आणि रोज उचलाव्या लागणाऱ्या सर्वांत जड डागाचे वजन लिहून आणावे. काटा पार्सल ऑफिसात आहेच.