अवकाश शिबिरातून परतल्यानंतर



पुणे जिल्हा परिषदेने २०२५ साली एक चांगला पायंडा पाडला. आयुका या संस्थेच्या साहाय्याने परिषदेच्या शाळांतील सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांची टप्प्याटप्प्याने परीक्षा घेण्यात आली. त्यातून ७५ मुले-मुली निवडण्यात आली. त्यांपैकी ५० जणांना इस्रोची आणि २५ जणांना अमेरिकेतील नासाची केंद्रे दाखविण्याचे ठरले. रेल्वेचा डबाही ज्याने आतून पाहिलेला नव्हता, असे मूलही त्या यादीत आले. जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे नाइलाजाने घालायची शाळा, असे मानणाऱ्या सुशिक्षितांना मिळालेले हे उत्तर मनापासून अभिनंदनीय आहे.

अभिनंदन झाल्यावर मात्र एक प्रश्न उरतो. तो बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांनी तरी विचारलाच पाहिजे. शिबिराहून परतलेल्या मुलाने पुढे काय करायचे? आणि परीक्षेला बसलेल्या, पण निवड न झालेल्या मुलांचे काय?

हा प्रश्न एका जिल्हा परिषदेपुरता नाही. इस्रोने २०१९ च्या मे महिन्यात ‘युविका’ म्हणजे ‘युवा विज्ञानी कार्यक्रम’ सुरू केला. नववीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन आठवड्यांचे निवासी शिबिर, शास्त्रज्ञांची व्याख्याने, प्रयोगशाळा आणि श्रीहरिकोट्याचे दर्शन असे त्याचे स्वरूप ठेवले गेले. पहिल्या वर्षी प्रत्येक राज्यातून तीन विद्यार्थी घेण्यात आले. महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर, आणि जागा तीन! पुढे केंद्रे वाढली, संख्या वाढली. निवडीच्या निकषांत पंचायत क्षेत्रातील शाळेत शिकणाऱ्यांना १५ टक्के भारांक देण्यात आला. हे धोरण न्याय्यच आहे. लासुर्णे किंवा सुपे येथील मुलाला ऑलिंपियाडचे वर्ग आणि स्पर्धापरीक्षांची पुस्तके शहरातील मुलाइतकी सहज मिळत नाहीत. ती उणीव भरून काढण्याचा हा एक प्रामाणिक यत्न आहे. तथापि भारांक कितीही वाढविला, तरी शिबिराच्या खोल्या काही हजारांच्या होणार नाहीत. जी गोष्ट थोड्यांनाच मिळणार आहे, तिचा लाभ बाकीच्यांपर्यंत कसा पोहोचवावा, याचे उत्तर शिबिर भरविणाऱ्यांकडे मागून चालणार नाही. ते ज्याच्या-त्याच्या गावाने शोधायचे आहे.

या बाबतीत पहिल्या माजी शिबिरार्थींचे उदाहरण उद्बोधक आहे. १९६३ साली भारतातील काही तरुण अभियंते अमेरिकेत गॉडार्ड आणि वॉलॉप्स येथे प्रशिक्षणासाठी गेले. अब्दुल कलाम त्यांत होते, आर. अरवमुदन होते आणि पुण्यात जन्मलेले २२ वर्षांचे प्रमोद काळेही होते. आजच्या भाषेत ती ‘नासाची सहल’च म्हणायची! परंतु जाण्यापूर्वीच परतल्यावरचे काम ठरलेले होते. केरळच्या किनाऱ्यावर थुंबा येथे अग्निबाण-प्रक्षेपण केंद्र उभे करायचे होते. त्या जागेच्या निवडीत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता. चर्चच्या इमारतीत कार्यालय, बिशपच्या घरात कार्यशाळा आणि सामान वाहण्यास सायकल, अशी तिथली साधनसामग्री! २१ नोव्हेंबर १९६३ च्या सायंकाळी पहिला अग्निबाण उडाला, तेव्हा उलट गणती करण्याची जबाबदारी काळे यांच्याकडे होती. बाण अमेरिकेचा होता. पण तो जुळविणारे, मोजणारे आणि उडविणारे हात इथले होते.

त्यानंतर त्या तरुणांपैकी कोणी जन्मभर ‘आम्ही नासाला जाऊन आलो’ एवढेच सांगत बसला नाही. काळे पुढे १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगाच्या तांत्रिक उभारणीत होते. उपग्रहाद्वारे २४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचविणारा तो प्रयोग होता आणि त्याचे व्यवस्थापन चिटणीसांकडे होते. १९९४ साली काळे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. चिटणीसांनी शंभरी पूर्ण करून ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात देह ठेवला. ज्या सुमारास जिल्हा परिषदेची मुले अवकाश केंद्रे पाहण्यास निघत होती, त्याच सुमाराची ही गोष्ट. वृत्तपत्रांनी दोन्ही बातम्या छापल्या. त्यांतील नाते मात्र फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही.

दुसरे उदाहरण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे. तेथील विद्यार्थ्यांनी २००८ साली ‘स्वयम्’ या उपग्रहाचे काम हाती घेतले. दहा सेंटिमीटरचा घन, वजन किलोभराच्या आत. तो २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या यानातून आणखी १९ उपग्रहांसह अवकाशात गेला. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि हे काम चालले आठ वर्षे! म्हणजे ज्यांनी पहिला आराखडा काढला, त्यांच्या हातून तो उडाला नाही. आणि ज्यांच्या काळात तो उडाला, ते आराखडा निघाला तेव्हा शाळेत होते. प्रत्येक तुकडीने आपल्या चुका, आकडेमोड आणि टिपणे पुढच्या तुकडीच्या हाती दिली. बाहेरून पाहणाऱ्याला उपग्रह दिसतो. त्या उपक्रमाचे खरे बळ या हस्तांतरणात होते. शिबिराहून परतलेल्या मुलाकडून जी अपेक्षा करायची, तिचा नमुना येथे तयार आहे.

आता इंदापूर तालुक्याकडे वळू. कळंब हे नीरेच्या काठचे गाव. १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या माळाला पाणी दिसू लागले. तरीही पुष्कळ जमीन पडीक होती. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी तेथे उसाची शेती आणि १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा केला. तेच आजचे वालचंदनगर. या गृहस्थांची दृष्टी उसाच्या फडापुरती नव्हती. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानच्या सहभागाने बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. १९४१ साली विशाखापट्टणम् येथे त्यांच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. परकीय सत्ता डोक्यावर असताना विमान, जहाज आणि मोटार हे तिन्ही उद्योग या देशात व्हावेत, असा हट्ट धरणारा हा माणूस १९५३ साली निवर्तला. अवकाशयुग त्याने पाहिले नाही.

तरी अवकाशयुग त्याच्या गावात आले. साखर कारखान्यांची यंत्रे बनविणाऱ्या वालचंदनगरच्या अभियांत्रिकी उद्योगाचा इस्रोशी संबंध १९७३ पासूनचा आहे. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची पोलादी कवचे तेथे घडली. एलव्हीएम-३ यानाच्या दोन बाजूंना जे ‘एस-२००’ बूस्टर असतात, त्यांचेही भाग तेथे घडले. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ घेऊन जे यान उडाले, त्याचा उड्डाणारंभीचा सारा रेटा या दोन बूस्टरांचा होता. २३ ऑगस्टला विक्रम चंद्रावर उतरला, तेव्हा दोन्ही तालुक्यांत फटाके फुटले, पेढे वाटले गेले. ज्यांच्या घरात पेढा गेला, त्यांच्यापैकी किती मुलांना ठाऊक होते की त्या यानाच्या बूस्टरचे पोलाद आपल्याच तालुक्यात वळले होते?

हे कवच म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. एस-२०० चा व्यास ३.२ मीटर, म्हणजे दोन पुरुष उंचीच्या जवळपास. त्यात सुमारे २०० टन घन इंधन भरलेले असते. ते पेटल्यावर आतला वायू चहूबाजूंनी कवचावर प्रचंड दाब देतो आणि एकाच वाटेने, शेपटीच्या नळकांड्यातून, बाहेर पडतो. कवच जाड केले तर यान जड होते. पातळ केले तर ते फुटण्याचा धोका. म्हणून निकेलचे प्रमाण मोठे असलेले ‘मॅरेजिंग’ नावाचे विशेष पोलाद घेतात. त्याचे पत्रे गोलाकार वळवितात, जोडतात, मग ठरावीक तापमानात ठरावीक वेळ तापवून ते कठीण करतात. वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्याचे क्ष-किरण चित्र काढतात. शेवटी आत पाणी भरून दाब देऊन पाहतात. सांध्यात केसाएवढी फट राहिली तर साऱ्या यानाचा नाश ठरलेला. येथे वशिला चालत नाही, भाषण चालत नाही आणि ‘चालून जाईल’ हे तर मुळीच चालत नाही! घन इंधनाच्या शास्त्रात पुण्याचेच डॉ. वसंत गोवारीकर यांनी थुंब्यात पायाभूत काम केले. पुण्याच्या माणसाचे इंधनशास्त्र आणि पुणे जिल्ह्यातील पोलाद अशी ही जोडी आहे.

अवकाश म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर अंतराळवीर येतो. २०२५ साली शुभांशु शुक्ला यांनी अंतराळ स्थानकावर मुक्काम केल्यापासून तर ते अधिकच स्वाभाविक झाले आहे. परंतु एका अंतराळवीरामागे हजारो फिटर, वेल्डर, टर्नर आणि तपासनीस उभे असतात. आयटीआयला जाणाऱ्या मुलाला ‘मार्क कमी पडले वाटते’ असे विचारणाऱ्या पालकांनी हा हिशेब एकदा करावा. ज्याचा हात अवकाशयानाचा सांधा जोडतो, तो अवकाश कार्यक्रमाचा कार्यकर्ताच आहे.

तेव्हा बारामती-इंदापूरच्या मुलांसाठी अवकाश शिबिर भरवायचे, तर त्याची सामग्री घरातच आहे. बारामतीत कृषी विकास ट्रस्टच्या आवारात २०२२ पासून अद्ययावत विज्ञान केंद्र उभे आहे. त्याच ट्रस्टच्या शेतांवर उपग्रहाची छायाचित्रे आणि संगणकीय बुद्धिमत्ता वापरून उसाला पाणी-खत किती द्यावे, याचे प्रयोग झाले. आकाशातला उपग्रह फडातल्या उसाचे काय सांगतो, हे पाहण्यास ह्यूस्टनला जावे लागत नाही. वालचंदनगर बारामतीहून एस. टी. ने तासाभराच्या अंतरावर. संरक्षण आणि अवकाश यांची कामे चालणारा कारखाना हा काही जत्रेचा मैदान नव्हे, हे खरे. सुरक्षेचे नियम पाळावेच लागतील. पण निवृत्त कारागीर शाळेत येऊन फळ्यापुढे उभे राहण्यास कोणता नियम आड येतो? त्या गावात असे हात पुष्कळ आहेत.

पैशाचा प्रश्न निघेल. त्याचे उत्तर याच मातीत आठशे वर्षांपूर्वी दिले गेले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. ‘सिद्धान्तशिरोमणि’कार भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने तेथे मठ स्थापन केला. स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिले. लेखाचा अखेरचा भाग मराठीत आहे आणि त्यात व्यापारावरील व तेलाच्या घाण्यांवरील हिस्सा मठासाठी लावून दिल्याची नोंद आहे. तेल गाळणाऱ्याने ग्रहगणिताच्या पाठशाळेला आपला वाटा द्यावा, हे त्या काळच्या समाजाला विपरीत वाटले नाही. आज या दोन तालुक्यांत साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, बाजार समित्या आहेत, पतसंस्था आहेत. मे महिन्यातील आठ दिवसांच्या शिबिराचा खर्च त्यांना जड जाणारा नाही.

आणि शिबिरात काय करावे, याचे उत्तर डॉ. जयंत नारळीकर देऊन गेले आहेत. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलांना ते सांगत, ‘पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही असेल.’ स्वाक्षरीच्या बदल्यात प्रश्न! कित्येक मुलांनी कार्डे पाठविली, उत्तरे मिळविली. श्रीहरिकोट्याहून वा अमेरिकेहून परतलेल्या मुलाचा हार घालून सत्कार करण्यापूर्वी त्याच्या वर्गातील ज्यांची निवड झाली नाही, त्यांनी त्याला असेच प्रश्न लिहून द्यावेत. अग्निबाण कोसळतो तेव्हा काय चुकलेले असते? पाहिलेल्या यंत्रांपैकी कोणते आपल्या आयटीआयमध्ये आहे? ज्या प्रश्नांची उत्तरे त्याला येणार नाहीत, ती कोणी द्यायची, त्याचा पत्ता तालुक्यातच आहे: मुक्काम वालचंदनगर, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे.