नवख्याचा संघ

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या भाषणाची संहिता)



वार्षिक परीक्षा आटोपत आल्या की राजाजीनगरातल्या घराघरांत संघनिवड सुरू होते. चिन्नास्वामी मैदानावर कोणी उतरावे हे ठरवण्याचा अधिकार या घरांना कोणी दिलेला नसतो. तरीही आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाच्या मनात एक संघ तयार असतो. या जुन्या हौसेला नियमांची चौकट आणि गुणांचा हिशेब मिळाला की तिला फॅन्टसी लीग म्हणतात.

खेळ तसा साधा आहे. प्रत्यक्ष सामन्यात उतरणाऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडायचा. त्यांच्या धावा, बळी आणि झेल यांचे गुण निवडणाऱ्याच्या खात्यात जमा होतात. सगळेच नामवंत एका संघात येऊ नयेत म्हणून प्रत्येक खेळाडूला किंमत असते आणि एकूण खर्चाला मर्यादा असते. कर्णधार म्हणून नेमलेल्याचे गुण दुप्पट होतात. 1980 मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने मित्रांसह बेसबॉलवर अशी लीग मांडली. ही मंडळी ज्या उपाहारगृहात जमत, त्याच्या नावावरून तिला रोटिसरी लीग असे नाव पडले. भारतात आयपीएल आणि मुंबईची ड्रीम इलेव्हन ही कंपनी, दोन्हींचा जन्म 2008 चा. पुढे स्मार्टफोन हाती आला आणि मित्रांच्या टेबलावरचा हा खेळ कोट्यवधींचा झाला.

या खेळात मुरलेल्या खेळाडूपेक्षा नवख्याकडे पाहणे अधिक उद्बोधक असते. मुरलेला माणूस आपले हिशेब लपवतो. नवख्याचे मन मात्र त्याच्या संघाच्या यादीतच उघडे पडलेले असते.

पहिली गोष्ट दिसते ती आपलेपणाची. 'आपला तो बाब्या' ही म्हण संघनिवडीलाही लागू पडते. बेंगळुरूचा नवखा बेंगळुरूच्या खेळाडूंनी संघ भरतो. 18 एप्रिल 2008 ची रात्र आठवून पाहावी. आयपीएलचा पहिलाच सामना, तोही चिन्नास्वामीवर. कोलकात्याच्या ब्रेंडन मॅकलमने 73 चेंडूंत नाबाद 158 धावा केल्या, कोलकात्याने 222 धावा उभारल्या आणि यजमान संघ 82 धावांत गारद झाला. बेंगळुरूच्या फलंदाजांपैकी एकट्या प्रवीण कुमारला दोन आकडी धावसंख्या गाठता आली. त्या रात्री कोणी केवळ जिव्हाळ्याने संघ निवडला असता, तर त्याच्या खात्यात किती गुण पडले असते हे सांगायला नको. माया ही घराची शोभा आहे; पण निवड समितीच्या बैठकीत तिला खुर्ची देता येत नाही.

दुसरी गोष्ट कालच्या सामन्याचा पाठलाग. काल ज्याने शतक ठोकले त्याला नवखा आज चढ्या किमतीत घेतो, आणि काल शून्यावर बाद झालेल्याला काढून टाकतो. एक सामना हा पुरावा म्हणून फार तोकडा असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तिसरी गोष्ट उतावळेपणाची. सामन्याच्या अर्धा तास आधी नाणेफेक होते आणि त्या वेळी अंतिम अकरा जाहीर होतात. मुरलेला खेळाडू तोवर थांबतो. नवखा सकाळीच संघ भरून मोकळा होतो आणि त्याचा कर्णधार राखीव बाकावर बसलेला सापडतो. चौथी गोष्ट चौकार-षटकारांची भुरळ. चिन्नास्वामीच्या सीमारेषा जवळच्या, म्हणून तो फलंदाजांचीच भरती करतो. पण एका धावेला एक गुण असेल, तर एका बळीला पंचवीसच्या आसपास मिळतात. आणि फटकेबाजीच्या नादात बळीही भराभर पडतात. नियमांचे पान वाचण्याआधी खेळायला बसणारा हा नवखा प्रश्नपत्रिकेवरील सूचना न वाचता उत्तरे लिहू लागणाऱ्या विद्यार्थ्याचा सख्खा भाऊच होय.

मात्र हाच नवखा महिनाभर पाहत राहिला तर चित्र बदलते. इंग्लिश फुटबॉलवरची फॅन्टसी प्रीमियर लीग ही विनामूल्य स्पर्धा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पंधरा खेळाडू, एका क्लबमधून फार तर तीन, हंगाम 38 सामन्यांचा. आठवड्याला एक बदल मोफत. त्याहून अधिक हवा असेल तर प्रत्येकी चार गुण वजा. आरंभी नवखा दर आठवड्याला आठ-आठ गुण घालवून संघ उलटापालटा करतो. काही आठवड्यांनी त्याच्या ध्यानात येते की काढलेला खेळाडू चमकतो आहे, आणलेला थंडावला आहे आणि वजा झालेले गुण कोठूनही परत येत नाहीत. मग तो एका आठवड्यात काहीच करत नाही. हातात बदल करण्याची संधी असून हात आवरणे, हा त्याचा या खेळातला पहिला खरा डाव असतो.

हात आवरण्याचे मोल बेंगळुरूच्या रसिकांना नव्याने सांगायला नको. मराठी घरात जन्मलेला आणि याच शहरात वाढलेला राहुल द्रविड मार्च 2001 मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर पहिल्या डावात 25 धावांवर बाद झाला. संघ 171 धावांत कोसळला, फॉलोऑन मिळाला आणि दुसऱ्या डावात द्रविडला तिसऱ्या क्रमांकावरून सहाव्यावर आणले गेले. गुणांच्या मागे धावणाऱ्या नवख्याने त्या दिवशी त्याला संघातून काढलेच असते. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे: लक्ष्मणच्या 281, द्रविडच्या 180, दोघांची 376 धावांची भागी, संपूर्ण चौथा दिवस बळी न गमावता खेळून काढलेला, आणि भारताचा 171 धावांनी विजय. भारतीय संघव्यवस्थापनाने क्रम बदलला, पण माणूस बदलला नाही. निवड आणि फेरनिवड यांतले हे अंतर कळणे, हेच या खेळाचे शिक्षण.

हे शिक्षण दोन गोष्टींवर उभे असते: चुकीची किंमत गुणांत मोजली जाणे आणि ती सुधारायला पुरेसा हंगाम हाती असणे. पैसा आला की या दोन्ही गोष्टी नाहीशा होतात. गेली काही वर्षे नेमके हेच घडले. सामना एका संध्याकाळचा, प्रवेशशुल्क थोडके, स्पर्धक लक्षावधी आणि पहिले बक्षीस कोटींच्या घरात. चूक समजून घ्यायला अवधी नाही. पुढचा सामना उद्या, आणि शुल्क पुन्हा भरायचे.

हा जुगार की कौशल्य, यावर न्यायालयांत बराच खल झाला. पैसे गमावलेल्या एका खेळाडूच्या याचिकेवर पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने 2017 मध्ये हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. कर्नाटकाने ऑक्टोबर 2021 मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. 14 फेब्रुवारी 2022 रोजी राज्याच्या उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. पुढे संसदेने कायदा केला, त्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ड्रीम इलेव्हनसह कंपन्यांनी पैशाच्या स्पर्धा थांबवल्या. पैसे न लावता खेळायच्या खेळांना या कायद्याची आडकाठी नाही.

या साऱ्या वादात एक मुद्दा पालकांनी विशेष ध्यानात घ्यावा. खेळ कौशल्याचा आहे हे मान्य केले, तर नवख्याची बाजू अधिकच लंगडी ठरते. निव्वळ नशिबाच्या खेळात नवखा आणि मुरलेला सारखेच असतात. कौशल्याच्या खेळात मात्र ज्याच्यापाशी कौशल्य कमी, त्याचा पैसा ज्याच्यापाशी ते अधिक त्याच्याकडे वाहत जातो. कोणतीही शाळा पहिलीच्या मुलाला दहावीच्या मुलाशेजारी बसवून एकच प्रश्नपत्रिका देत नाही, आणि वर नापास झाल्याबद्दल दंडही घेत नाही. पैशाच्या लीगमध्ये हेच होत होते. 'कौशल्याचा खेळ' हे प्रशस्तिपत्र खेळाला मिळाले; त्याची फी नवख्याने भरली.

म्हणून मुलांच्या हातून हा खेळ काढून घेण्याऐवजी त्यातला पैसा दूर ठेवून खेळ तेवढा घरात आणावा. पाच-सहा कुटुंबांनी एक वही घ्यावी, खेळाडूंच्या किमती एकत्र बसून ठरवाव्यात, बदलांना मर्यादा घालावी आणि हंगामभर बेरीज मुलांकडून करून घ्यावी. सरासरी, शेकडेवारी आणि संभाव्यता यांचा सराव त्यात आपोआप होतो. शहरातल्या संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी शनिवारी तासभर बसून कोष्टके मांडायला मुलांना मदत केली तर दुधात साखर.

या वहीत एक रकाना मात्र आवर्जून असावा. प्रत्येक निवडीपुढे, सामना सुरू होण्यापूर्वी, एका ओळीत कारण लिहायचे: हा खेळाडू का? आरंभीच्या पानांवर 'आवडतो म्हणून', 'काल छान खेळला म्हणून' अशी उत्तरे येतील, आणि ती खोडू नयेत. हंगामाच्या अखेरीस गुणतक्त्यात कोण पहिला आला हे पाहून झाले की मुलांना तो रकाना पहिल्या पानापासून वाचायला द्यावा. आपली कारणे कशी बदलत गेली हे त्यात त्यांना स्वतःच्या हस्ताक्षरात दिसेल.